एका संख्येची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहासाचा वक्ता उभा राहिला, म्हणजे तो एखाद्या राजाची, लढाईची किंवा संताची कथा सांगणार अशी आपली साहजिकच अपेक्षा असते. मी आज एका संख्येची कथा सांगणार आहे. संख्येला कसला आला इतिहास, असे कोणी विचारील. तीन आणि चार मिळून सात होतात, हे शिवछत्रपतींच्या काळी खरे होते आणि आजही खरेच आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. संख्या स्वतः बदलत नाही. परंतु ती कोणाच्या नजरेस केव्हा पडली, तिला नाव कोणी दिले, तिची थट्टा कोणी केली आणि त्या थट्टेला उत्तर कसे मिळाले, हे सारे माणसांत घडलेले असते. आणि माणसांत घडलेले ते सर्व इतिहासाच्या कक्षेत येते.

ती संख्या अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून चढत नवापर्यंत गेलेली आणि त्याच पायऱ्यांनी उतरत पुन्हा एकावर आलेली ही सतरा अंकी संख्या आहे. ती मोठी किती? सेकंदाला एक या गतीने अहोरात्र मोजत बसले, तर तिच्यापर्यंत पोचावयास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आपल्या नेहमीच्या एकं, दहं, शतं या मोजणीने ती वाचावयास गेलो, तर कोटीच्या पुढे आपली जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी लीलावतीत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्यांतले शेवटचे परार्ध. त्या नावांनी ही संख्या सरळ वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. म्हणजे परार्धाच्या बरोबर एक पायरी अलीकडे ती थांबते.

आपण यवतमाळकर आकड्यांना अपरिचित नाही. कापसाच्या हंगामात काट्यावरचे वजन, त्या दिवसाचा भाव, हमाली, अडत आणि शेवटी हाती पडणारी पट्टी, या आकड्यांवर येथील कित्येक घरांचे वर्ष अवलंबून असते. परंतु व्यवहारातला आकडा नेहमी कशाचा तरी आकडा असतो. तो क्विंटलांचा असतो, रुपयांचा असतो, एकरांचा असतो. क्विंटल, रुपये आणि एकर बाजूस ठेवून नुसत्या संख्येकडे पाहणारी, तिचा स्वभाव कोणता, तिचे नातेगोते कोणाशी, असे विचारणारी माणसे फार थोडी असतात. या कथेत अशी दोन माणसे आहेत, आणि त्या दोघांमध्ये अकराशे वर्षांचे अंतर आहे.

त्यांतला पहिला महावीराचार्य. इ. स. ८५० च्या सुमारास या जैन गणित्याने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्या वेळी दक्षिणेत राष्ट्रकूटांचे राज्य होते. मान्यखेटाच्या गादीवर अमोघवर्ष नृपतुंग होता आणि ग्रंथाच्या आरंभी महावीराचार्याने त्याची स्तुती केली आहे. मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, आपल्याला दूरचे वाटेल. परंतु येथून वर्ध्यास जाताना लागणारी देवळी आपल्याला दूर नाही. त्या देवळीस राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट सापडलेला आहे. अमोघवर्षानंतर सुमारे साठ वर्षांनी दिलेले ते दानपत्र आहे. तात्पर्य, ज्या राजकुलाच्या छायेत महावीराचार्याने लेखणी चालविली, त्याच राजकुलाची मुद्रा आपल्या वऱ्हाडच्या वेशीवरही उमटलेली होती.

गणितसारसंग्रहात गुणाकाराची उदाहरणे देताना महावीराचार्य एक गोड खोडी करतो. गुण्य आणि गुणक असे निवडतो, की उत्तर यावे ते माळेसारखे, डावीकडून वाचले काय आणि उजवीकडून वाचले काय, सारखेच. अशा उत्तरांना तो गळ्यातल्या कंठ्याची उपमा देतो. १३९ ला १०९ ने गुणले, की १५१५१. १५२२०७ ला ७३ ने गुणले, की आठ एक ओळीने. १२३४५६७९ ला ९ ने गुणले, की नऊ एक ओळीने. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले, की :

१२३४५६५४३२१

एकापासून सुरू होऊन सहापर्यंत वाढणारी आणि मग क्रमाने घटणारी, असे या संख्येचे वर्णन त्याने केले आहे. शून्यासह दशमान स्थानपद्धती ज्याच्या हाडीमासी खिळली आहे, त्यालाच असे वर्णन सुचते. रोमन लिपीत संख्या लिहिणाऱ्याला ही माळ दिसलीच नसती, कारण तेथे स्थानाला मोल नाही.

आपल्या आजच्या संख्येची ही पूर्वज. सहा मण्यांपर्यंत चढणारी ही माळ. नवापर्यंत चढणारी माळ पाहण्यासाठी आपल्याला एकदम विसाव्या शतकात, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावर यावे लागते.

ते स्टेशन डोंबिवलीचे. रेल्वे जी. आय. पी.; मूर्तिजापूरहून यवतमाळास येणारी आपली अरुंद रुळांची शकुंतला जिने दीर्घकाळ चालविली, तीच कंपनी. शकुंतला आता थांबली आहे आणि जी. आय. पी. हे नावही जुन्या लोकांच्याच ओठी उरले आहे. परंतु गणितात त्या रेल्वेची एक खूण राहून गेली. इ. स. १९२३ साली अठरा वर्षांच्या एका तरुणाला त्या स्टेशनावर अशा चढत्या-उतरत्या संख्यांचा विचार सुचला आणि स्टेशनाच्या नावावरून त्याने त्या संख्यांना ‘डेम्लो’ असे नाव दिले. तो तरुण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडलीतली आकडेमोड मुलाने घरातच पाहिली. पुढे ज्योतिष मागे पडले आणि आकडेमोड तेवढी उरली. शिक्षण ठाण्यास आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. त्यापुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, सलग बत्तीस वर्षे, नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळामास्तर होते.

या बत्तीस वर्षांत या शिक्षकाने काय केले, ते थोडक्यात सांगतो. १९३८ साली डेम्लो संख्यांवरील त्यांचा लेख ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात छापून आला आणि १९४८ साली त्यांवर पुस्तिका निघाली. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच करावे. फार तर सात वेळा वजाबाकी केली, की ६१७४ येतेच, आणि एकदा आली की हटत नाही. उदाहरणार्थ १९६५ घ्या. ९६५१ उणे १५६९ म्हणजे ८०८२. ८८२० उणे ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. याशिवाय आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज घेतली असता तीच संख्या परत मिळते, अशा संख्यांना तर आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५.

आता या शिक्षकाने ज्या माळेला डेम्लो म्हटले, ती जवळून पाहू. तिची वाढ अशी :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असेच पुढे जात नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले, की आपली सतरा अंकी संख्या येते. डेम्लो संख्येचे कापरेकरांनी हेरलेले लक्षण असे, की तिचा डावा भाग आणि उजवा भाग यांची बेरीज केली असता मधलाच अंक पुन्हा पुन्हा उमटतो. आपल्या संख्येत डावीकडचे आठ अंक १२३४५६७८, उजवीकडचे आठ अंक ८७६५४३२१, आणि मध्ये नऊ. बेरीज करा : ९९९९९९९९.

ही संख्या हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने ती निःशेष भागली जाते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. हे १२३४५६७९ आपल्या ओळखीचे आहेत. नवाने गुणून महावीराचार्याने नऊ एकांचा कंठा केला, तो यांचाच. संख्येचे मूळ अवयव काढले तर तीनच निघतात : ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांतला ३ चार वेळा येतो आणि उरलेले दोन प्रत्येकी दोन वेळा. त्यामुळे एक आणि ती स्वतः धरून तिला एकूण ४५ भाजक आहेत.

येथपर्यंत झाली ती नवलाची बाजू. परंतु नवल सांगून थांबणे ही आपली परंपरा नव्हे. विदर्भात पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाच्या गावी चिंतामणी नावाच्या ज्योतिषाचे घराणे होते. पुढे ते काशीस जाऊन राहिले. त्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञाने इ. स. १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ नावाची टीका लिहिली. तिची ख्याती आहे ती उपपत्तींसाठी. आचार्यांनी अमुक रीत सांगितली एवढ्याने कृष्ण दैवज्ञाचे समाधान होत नाही. ती रीत खरी का, हे तो सिद्ध करून दाखवितो. या वैदर्भी घराण्याची शिस्त आपणही पाळली पाहिजे. ही माळ अशी का येते?

शाळेत शिकलेला गुणाकार आठवा. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना नऊ ओळी मांडाव्या लागतात. प्रत्येक ओळ नऊ एकांचीच, फक्त दर खेपेस एक घर डावीकडे सरकलेली. म्हणून अगदी उजव्या स्तंभात एकच एक पडतो, त्याच्या शेजारच्यात दोन, त्याच्या शेजारच्यात तीन. असे करत नवव्या स्तंभात नऊ एक पडतात आणि पुढे ते पुन्हा कमी होऊ लागतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नसल्यामुळे हातचा कोठेच येत नाही. माळेचे सगळे रहस्य या न आलेल्या हातच्यात आहे. अंकांची बेरीज ८१ का, तेही येथेच उलगडते : नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि हातच्यात एकही एक हरवला नाही. पण म्हणून प्रत्येक माळ हर्षद असते असे मात्र नाही. महावीराचार्याच्या माळेच्या अंकांची बेरीज ३६. ती माळ विषम असल्याने ३६ ने भागली जाणे शक्यच नाही. नऊपर्यंतच्या माळांत एकाची, तीन एकांची आणि नऊ एकांची अशा तीनच माळा हर्षद निघतात.

आता दहा एक घेऊ. मधल्या स्तंभात दहा एक पडतात. शून्य लिहून हातचा एक पुढे द्यावा लागतो. पुढच्या स्तंभातल्या नवाचे त्यामुळे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

माळ तुटली. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्ये येऊन बसली. आपली सतरा अंकी संख्या या कुळातली शेवटची निर्दोष माळ ठरते, ती या कारणाने.

येथेच कापरेकरांवरच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो दुबळा आक्षेप नाही. त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांना पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. त्यांचे पुष्कळसे लेखन लहान नियतकालिकांत आणि स्वतः काढलेल्या पुस्तिकांत राहिले. आणि हसणाऱ्यांच्या पाठीशी एक फार मोठे नाव उभे होते, केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांचे. हार्डींनी १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात असेच काही नमुने दिले. ८७१२ ही संख्या तिच्या उलट्या रूपाच्या, म्हणजे २१७८ च्या, चौपट आहे. ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. मग त्यांनी निर्णय दिला, की या गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला शोभतील, पण गंभीर गणितात त्यांना स्थान नाही. कारण त्या कोठेच नेत नाहीत, त्यांतून व्यापक असे काही निघत नाही.

हार्डी म्हणजे कोणी ऐरागैरा टीकाकार नव्हे. कुंभकोणमच्या रामानुजनची पत्रे वाचून त्याची योग्यता ओळखणारा हाच माणूस. १७२९ या टॅक्सीच्या क्रमांकात विशेष काही दिसत नाही असे म्हणणाराही हाच. आणि ती तर दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी सर्वांत लहान संख्या आहे असे उत्तर त्याला रुग्णशय्येवरून रामानुजनने दिले. जाता जाता सांगतो, १७२९ ही हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हार्डींच्या मते हा गुण क्षुल्लक ठरला असता आणि घनांचा गुण मोलाचा. का? घनांचा गुण संख्येचा स्वतःचा आहे. अंकांच्या बेरजेचा गुण आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून आलेला आहे. पाया बदलला, तर तो टिकेलच असे नाही.

मला वाटते, हार्डींची कसोटी बरोबर आहे. जो नमुना कोठेच नेत नाही, तो करमणुकीपलीकडे जात नाही. प्रश्न एवढाच आहे, की डेम्लोची माळ आणि कापरेकर संख्या या कसोटीस उतरतात की नाही. आणि हे ठरविण्याची उत्तम जागा म्हणजे माळ जेथे तुटली तीच.

तुटलेल्या माळेचे दोन तुकडे करा. उजवीकडचे दहा अंक घ्या, ०९८७६५४३२१. डावीकडे उरतात १२३४५६७९०. त्यांची बेरीज :

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक परत आले! म्हणजे दहा एकांची संख्या ही कापरेकर संख्या आहे. ज्या पायरीवर कापरेकरांची डेम्लो माळ तुटते, त्याच पायरीवर त्यांचाच दुसरा गुण उभा राहतो. हा योगायोग म्हणावा काय? उपपत्ती मागू. दहा एकांच्या संख्येतून एक वजा केला, तर नऊ एक आणि शेवटी शून्य अशी संख्या उरते. तिच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९०. आता कोणत्याही संख्येचा वर्ग म्हणजे ती संख्या गुणिले तिच्याहून एकाने लहान संख्या, अधिक ती संख्या. आपल्या बाबतीत गुणाकारातला नऊ दहा एकांना दिला, तर दहा नऊ होतात. म्हणजे वर्ग = दहा नऊ गुणिले १२३४५६७९०, अधिक दहा एक. दहा नऊ म्हणजे एकावर दहा शून्ये, उणे एक. तेव्हा १२३४५६७९० दहा घरे डावीकडे सरकतात. आणि उजवीकडे दहा एकांतून तेच १२३४५६७९० वजा होऊन ०९८७६५४३२१ उरतात. डाव्या भागाने उजव्या भागातून जेवढे घेतले, तेवढेच बेरजेत परत मिळते. सगळे कोडे एका वाक्यात सुटते : संख्या आणि तिच्याहून एकाने लहान संख्या यांच्या गुणाकाराला दहा नऊंनी भाग जातो.

आता हार्डींची कसोटी लावा. ही उपपत्ती दहा एकांपुरती थांबते काय? नाही. हीच युक्ती ४५ ला लावा : ४५ गुणिले ४४ म्हणजे १९८०, आणि त्याला ९९ ने भाग जातो. १४२८५७ ही कापरेकर संख्या का, याचेही उत्तर तेच. तेथे ९९९९९९ ने भाग जातो. इ. स. २००० मध्ये डग्लस इयानुच्ची यांनी ‘जर्नल ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’मध्ये दाखवून दिले, की सर्व कापरेकर संख्या ९९, ९९९, ९९९९ अशा नवांच्या रांगांच्या विशिष्ट भाजकांपासून मिळतात, आणि ते भाजक ठाऊक असले तर सर्वच्या सर्व कापरेकर संख्या हिशेबाने काढता येतात. पायाचा आक्षेपही असाच पुढे नेणारा निघतो. आठच्या पायावर लिहिणाऱ्या माणसांना सात एकांच्या वर्गात १२३४५६७६५४३२१ ही माळ दिसेल आणि आठव्या एकाशी ती तुटेल. पाया कोणताही असो, माळ त्याच्या एक पायरी अलीकडेपर्यंत टिकते. अंक आपल्या लेखनाचे खरे. परंतु त्यांच्यामागचा नियम सर्व लेखनपद्धतींचा आहे.

या माळांचे बीज म्हणजे नुसत्या एकांची रांग. त्या रांगांनी तर पुढे गणितज्ञांना गुंतवूनच ठेविले. कोणत्या रांगा अविभाज्य आहेत? दोन एकांची, म्हणजे ११, हे आपणां सर्वांना ठाऊक. त्यानंतर एकदम १९ एकांची, मग २३ एकांची. ३१७ एकांची रांग अविभाज्य असल्याची सिद्धता १९७० च्या दशकातली, १०३१ एकांची १९८० च्या दशकातली, आणि ४९०८१ एकांच्या रांगेची तर २०२२ सालची. अशा रांगा अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. ज्या प्रश्नाचे बोट धरून महावीराचार्याचा कंठा आणि डोंबिवलीची माळ निघाली, तो प्रश्न आज संगणकांच्याही आवाक्याच्या टोकाशी जाऊन उभा आहे.

कापरेकरांना याचे श्रेय मिळाले काय? मिळाले, पण उशिरा आणि दुरून. १९६२ साली ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करीत. १९६६ साली पत्नी गेल्या. मग मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या शाळामास्तरांचे नाव जगातल्या गणितप्रेमी मंडळींस कळले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते वारले.

त्यांना हसणाऱ्यांची एक चूक झाली असे मला वाटते. नमुना आढळणे आणि नमुन्याची उपपत्ती मिळणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती नेहमी एकाच माणसाच्या हातून होतात असे नाही. महावीराचार्याने कंठा गुंफला. कापरेकरांनी माळेला नाव दिले, तिचे लक्षण सांगितले आणि तिच्या सख्ख्या-चुलत भावंडांची टिपणे ठेविली. इयानुच्चींनी भाजकांचा नियम सांगितला. पहिल्या दोघांनी बोट दाखविले नसते, तर तिसऱ्याने पाहिले असते ते कशाकडे? हार्डींची कसोटी उत्तम आहे. मात्र ती नमुना सापडल्याच्या दिवशीच लावावयाची नसते. बीज पेरल्याबरोबर बोंडे मोजावयास शेतात कोणी उतरत नाही, हे कापूस पिकविणाऱ्या यवतमाळकरांना मी सांगावयास नको.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो याला कारण आहे. कापरेकरांकडे प्रयोगशाळा नव्हती, मोठे ग्रंथालय नव्हते, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ एवढेच त्यांचे भांडवल होते. ते भांडवल दारव्ह्याच्या, पुसदच्या, वणीच्या किंवा उमरखेडच्या कोणत्याही शिक्षकापाशी आणि कोणत्याही विद्यार्थ्यापाशी आहे. उद्या आपल्या घरातले एखादे पोर गृहपाठाची वही बाजूस सारून आकड्यांच्या अशाच माळा करीत बसले, तर परीक्षेत याला किती गुण, असे त्याला विचारू नका. हे असे का होते, एवढे विचारा. कृष्ण दैवज्ञाने भास्कराचार्यांनाही तेच विचारले होते.

आणि आपणांपैकी ज्यांना आज रात्री झोप लवकर येणार नसेल, त्यांच्यासाठी एक काम. अकरा एक घ्या, त्यांना अकरा एकांनी गुणा, ओळी नीट मांडा आणि हातचे सांभाळा. दहाव्या एकाशी माळ तुटते हे आपण पाहिले. अकराव्या एकाशी काय होते ते मी मुद्दामच सांगत नाही.